परतीची पावलं

त्या वर्षीच्या चातुर्मासात मी कांदा-लसूण सोडला नाही, की पानावर जेवायचा नेम धरला नाही. मी नेम धरला तो असा : रोज एका अनोळखी नागरिकाच्या पायांनी महापालिकेत जाऊन यायचं, आणि तोवर अन्न घ्यायचं नाही.

ऐकायला विचित्र वाटेल. पण दोन हजार सदतीस सालच्या आमच्या सोनवळ शहरात ते अगदी शक्य होतं. नगररचना विभागाच्या तळमजल्यावर त्यासाठी एक खोलीच होती. तिला सगळे चालखोली म्हणत.

मी तिथली सहायक नगररचनाकार, अन्नपूर्णा कोरडे. तुळशीला पाणी, दत्ताच्या देवळात अकरा प्रदक्षिणा आणि सकाळी नऊपर्यंत मौन, हे माझं लग्नाआधीपासूनचं. कुणी थट्टा केली तर मी हसून सोडून देते. अष्टपुत्रे सरांना मात्र राहवायचं नाही. "नाव अन्नपूर्णा, आडनाव कोरडे आणि बाई कायम उपाशी," म्हणायचे. "देवानं तुझी फाईल न वाचताच सही केलेली दिसते."

विश्वंभर अष्टपुत्रे म्हणजे आमच्या शहराचे निवृत्त वास्तुविशारद. वय एकाहत्तर. मी नोकरीला लागले तेव्हा नकाशावर रेघ कशी मारावी हे त्यांनीच शिकवलं. कागद उघडण्याआधी त्या जागेवर तासभर उन्हात उभं राहायचं, अशी त्यांची शिस्त. पायाला चटके बसल्याशिवाय डोकं चालत नाही, हे त्यांचं मत.

निवृत्त झाल्यापासूनची बारा वर्षं ते एकाच इमारतीवर खपत होते. चौदा गावं जोडून सोनवळची महानगरपालिका झाली, आणि जुनी कचेरी पुरेनाशी झाली. जन्म-मृत्यूची नोंद जिन्याखाली, घरपट्टी गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. नवं भवन बांधायचं ठरलं, तेव्हा सरांनी न मागता त्याचा आराखडा काढायला घेतला. खरं सांगते, त्याहून सुंदर रेखाटन मी आजवर पाहिलेलं नाही. काळा दगड. मधोमध पायऱ्यापायऱ्यांचा चौक, बारवेसारखा. चार कोपऱ्यांना वाऱ्याचे चार मनोरे, असे की वैशाखातही पंखा लागू नये. आणि प्रत्येक खिडकीमागची जमीन हातभर उचललेली, म्हणजे आत बसलेल्या कारकुनाचे आणि बाहेर उभ्या माणसाचे डोळे एका उंचीवर येतील. "मान वाकवून अर्ज द्यायचा नाही कुणी," सर म्हणायचे. एवढ्या एका वाक्यासाठी मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार करत आले आहे.

प्रश्न राहिला होता जागेचा. एकोणीस जागा होत्या. एकोणीस नगरसेवकांच्या, असंही म्हणता येईल. म्हणून महापौर नानासाहेब हिंगमिरे यांनी निर्णय यंत्रावर सोपवला. "यंत्राला भाऊबंद नसतात," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

त्या यंत्राची गोष्ट थोडी समजावून सांगायला हवी. संगणकात एक दुसरं सोनवळ वसवलेलं होतं, प्रतिनगर. त्यात चार लाख रहिवासी, त्यातला एकही खरा नाही आणि एकही खोटा नाही. जनगणना, बसची तिकिटं, दवाखान्यांतली गुडघेदुखीची आकडेवारी, फुटपाथखाली पुरलेल्या पट्ट्यांनी टिपलेली चाल, असं सगळं एकत्र दळून, नावं-पत्ते चाळून बाजूला काढून, उरलेल्या पिठातून नवी माणसं घडवलेली. पाऊल जमिनीवर कसं पडतं यावरून वय कळतं, दुखणं कळतं, कडेवर मूल आहे का हेसुद्धा कळतं. या चार लाखांना प्रतिनगरात हवं तिथे भवन बांधून दाखवायचं आणि ते तिथवर कसे पोचतात ते बघायचं.

चालखोली म्हणजे त्या प्रतिनगरात शिरायचा दरवाजा. तिची जमीन तळहाताएवढ्या हजारो फरश्यांची. प्रत्येक फरशी वर-खाली होते, कलते, सरकते, त्यामुळे तुम्ही कोसभर चाललात तरी खोलीच्या मध्यावरच असता. पायांना पट्टे बांधायचे. पट्ट्यांत तेल, तेलात लोखंडाचा अगदी बारीक कीस. वीज सोडली की चुंबकानं तो कीस एकमेकाला धरतो, तेल थिजतं, आणि ज्याचे पाय तुम्ही घेतलेत त्याचा गुडघा वाकेल तेवढाच तुमचा वाकतो. डोक्यावर उन्हाचे दिवे, छातीला दम लावणारा पट्टा, डोळ्यांना चष्मा. रांगेतला वेळ तेवढा यंत्र गाळून टाकतं. वेदना होत नाही, अडतं फक्त. पण तेवढंही पुरतं.

हे सगळं आमच्याकडे चालवायची तबस्सुम बागवान. तिशीतली, हुशार, आणि चहा गार झाल्याशिवाय न पिणारी. यंत्रानं एकोणीस जागांतून म्हसोबाचा माळ निवडला तेव्हा तिनेच धावत जाऊन सरांना सांगितलं. माळ शहराच्या कडेला, थोडा उंचावर. जागा सरकारी, वारा भरपूर, चौदाही गावांपासून सारख्या अंतरावर. सरांच्या मनोऱ्यांना असाच वारा हवा होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना पेढे वाटताना पाहिलं.

सभेत ठराव यायला पंधरवडा होता. माझा नेम सुरू झाला तो तेव्हा. मला वाटलं, चार महिन्यांत शंभर-सव्वाशे माणसांच्या पायांनी त्या सुंदर वास्तूपर्यंत जाऊन येऊ. देवाच्या दारी जातो तसं.

तबस्सुमनं पट्टे बांधता बांधता विचारलं, "ताई, आमच्यात रोजे महिनाभर असतात. तुमचे चार महिने? कुणी सांगितलंय एवढं?"

"कुणी नाही गं. मीच."

"मग स्वतःलाच थोडी सूट द्या की."

पहिल्या दिवशी मला स्कूटरवरचा एक शिकाऊ वकील मिळाला. दाराशी पोचताच हिरवा दिवा लागला, 'प्रवास पूर्ण'. तबस्सुम पट्टे सोडायला वाकली.

"थांब. ह्याला घरी पोचवायचंय अजून."

"परतीचं आपण मोजतच नाही, ताई. जाणं तेच येणं. फार तर दुप्पट धरायचं."

"प्रदक्षिणा घालताना मागच्या बाजूला पोचलं की सोडून देतात का? जिथून निघालो तिथे परत यावं लागतं. नाहीतर ती प्रदक्षिणा नव्हे, फेरफटका."

ती हसली. पण तिनं परतीची वाट चालू करून दिली. यंत्रात ती होती, कुणी कधी मागितली नव्हती इतकंच.

आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी मला दोन लाख सतरा हजार चारशे सहा या क्रमांकाची बाई मिळाली. वय त्रेसष्ट, राहणार कुंभारवाडा, डावा खुबा झिजलेला. काम : नवरा वारल्यावर घराला आपलं नाव लावून घेणं.

जाताना काही वाटलं नाही. सकाळची बस माळाच्या पायथ्याशी सोडते, तिथून दोनशे पावलांचा चढ. दम लागला, पण सकाळ होती. मी दाराशी पोचले. काळा दगड, थंड चौक, डोळ्यांसमोर डोळे येतील अशी खिडकी. मी आत मनापासून हात जोडले. मग वळले.

आता दुपारचा एक वाजून गेला होता. चढ चढणं छातीला जड जातं. उतार जड जातो तो खुब्याला आणि गुडघ्याला, हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक पावलाला सगळं अंग एका पायावर येऊन आदळत होतं. पायथ्याशी आले तर पुढची बस तीनची. दुपारी गाड्या कमी असतात, आणि ती बाई थांबली नाही. तिनं चालायला सुरुवात केली. वडाच्या झाडाखाली माझे पट्टे आपोआप थिजले.

"काय झालं गं?"

"बसली ती," तबस्सुम पडद्याकडे बघत म्हणाली.

वीस मिनिटांनी पट्टे सैल झाले. पुढे मंडईच्या कट्ट्यावर ती पुन्हा बसली. मग शाळेच्या भिंतीशी. तिथून मात्र पट्टे सैल झालेच नाहीत. लाल दिवा लागला. 'प्रवास अपूर्ण'.

तबस्सुमनं पडद्यावरचा क्रमांक पुन्हा तपासला. मग हळूच म्हणाली, "ताई, ही घरी पोचलीच नाही."

"काम तरी झालं का तिचं?"

"झालं. सगळ्यांचं पहिल्याच फेरीत होतं. आपण नागरिकांची सनदच भरलीय ना यंत्रात. त्यात लिहिलंय, सर्व कामे एका भेटीत."

मला उपाशीपोटी हसू आलं. "सनदेवर विश्वास ठेवणारं सोनवळमध्ये एवढं एकच सापडलं म्हणायचं."

बिचारं यंत्र! त्याला 'साहेब जागेवर नाहीत' माहीत नव्हतं. 'उद्या या' माहीत नव्हतं. झेरॉक्सची एक प्रत कमी पडते आणि माणूस परत फिरतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या आवक-नोंदवहीत होतं सगळं : घराला नाव लावायला सरासरी चार खेपा. आम्ही ते भरलं, परतीची वाट भरली, आणि यंत्राला पुन्हा विचारलं. दुपारी साडेचारला उत्तर आलं. म्हसोबाचा माळ पहिल्यावरून सतराव्या क्रमांकावर गेला होता.

आणि यंत्राचं मला कौतुक वाटलं ते इथे. त्याला ना राग, ना लाज. अर्धा प्रश्न विचारला तर त्यानं अर्धं उत्तर मन लावून दिलं होतं, पूर्ण विचारला तर पूर्ण दिलं. माणसाला एवढं साधायला किती जन्म लागतील कोण जाणे.

त्या दिवशीचा नेम पुरा झाला नव्हता, म्हणून मी जेवले नाही. पण खरं तर भूकच गेली होती. ठराव गुरुवारी होता. सरांना सांगायचं कुणी?

तबस्सुम म्हणाली, "मी सांगते. चूक माझी आहे."

"नको. त्यांनी मला रेघ मारायला शिकवलंय."

मंगळवारी मी त्यांच्या घरी गेले. ते भवनाच्या लाकडी प्रतिकृतीवरची धूळ मऊ ब्रशनं झाडत होते. मी सगळं सांगितलं. ते ब्रश फिरवत राहिले.

"परवा तुझं यंत्र बरोबर होतं. आज चूक?"

"यंत्र चुकलं नाही, सर. आपण त्याला फक्त जायला सांगितलं, परत यायला सांगितलंच नाही."

"एक बाई. चार लाखांत एक. तीसुद्धा नसलेली!"

"नसलेली कशी? मूर्तीत तरी काय असतं सर? दगडच असतो. आपण त्यात कुणीतरी आहे असं धरून वागतो, म्हणून आपण सुधारतो."

"मला कीर्तन ऐकवू नकोस." ते एवढं जोरात कधी बोलले नव्हते. "बारा वर्षं, अन्नपूर्णा! माझ्या हातात आता दुसरी बारा वर्षं नाहीत. हे एवढं उभं राहू दे. मग बस वाढवा, रिक्षा लावा, पालखी ठेवा हवी तर त्या बाईला. तू गुरुवारी गप्प बस. गप्प बसायची तर तुला सवय आहे."

ते बरोबर बोलत होते. मला सवय होती. मी गप्प बसले असते तर भवन उभं राहिलं असतं, आणि ते सुंदरच झालं असतं. मी त्यांच्या पायांना हात लावला आणि म्हटलं, "तुमची शिस्तच आहे ना सर, जागेवर उभं राहिल्याशिवाय रेघ नाही. एकदा चालून बघा. मग तुम्ही म्हणाल तसं. म्हणालात गप्प बस, तर बसेन."

ते पुन्हा धूळ झाडू लागले. पण बुधवारी सकाळी दहाला काठी टेकत चालखोलीच्या दारात उभे होते.

"बांध," ते तबस्सुमला म्हणाले. "आणि सोपं कुणी देऊ नकोस. हिचीच बाई दे."

गेले ते ताठ मानेनं. स्वतःच्या इमारतीच्या दाराशी पोचल्यावर त्यांनी चष्म्याआडून वर पाहिलं असावं, कारण त्यांचा हात उचलला गेला, जणू मनोऱ्याची उंची तपासत होते. एवढा आनंद मी कुणाच्या तोंडावर क्वचित पाहिलाय. कागदावरचं ते पहिल्यांदाच उभं बघत होते. मला वाटलं, आत्ताच यंत्र बंद करावं आणि गप्प बसावं.

"सर," मी म्हटलं, "आता परत."

उतारावर त्यांनी आधाराला भिंत शोधली. तिथे भिंत नव्हती. त्यांनीच ती नकाशात आखली नव्हती, माळ मोकळा दिसावा म्हणून. वडाखाली पट्टे थिजले आणि ते खोलीच्या जमिनीवर बसले. मंडईच्या कट्ट्यावर बसले. शाळेच्या भिंतीशी बसले तेव्हा तबस्सुमनं माझ्याकडे पाहिलं. लाल दिवा लागला होता. आम्ही दोघी पुढे झालो, तर त्यांनी हात वर केला.

"थांबा. मला बसू द्या इथे."

पाचेक मिनिटं ते तसेच बसले. मग डोळ्यांवरचा चष्मा न काढता त्यांनी विचारलं, "तबस्सुम, ही इथे बसली. बाकीचे कुठे बसतात?"

"बाकीचे म्हणजे?"

"सगळे. चार लाख. परतताना ज्यांचं ज्यांचं बळ संपतं ते कुठे बसतात? एकोणीसच्या एकोणीस जागांहून परत पाठव त्यांना. बघू दे मला."

हा प्रश्न आम्हा दोघींना सुचला नव्हता. यंत्रालाही कुणी तो विचारला नव्हता. तबस्सुमनं आकडे लावले आणि भिंतीवर शहराचा नकाशा उमटला. त्यावर ठिपके पडू लागले. मला वाटलं होतं, प्रत्येक जागेगणिक ठिपके वेगळे पडतील. तसं झालं नाही. भवन कुठेही ठेवा, माणसं थकून बसत होती ती त्याच अकरा ठिकाणी. जिथे सावली होती, कट्टा होता, नळ होता. घरापासून अगदी जवळ, पण घर नव्हे.

सरांनी चष्मा काढला. नकाशापाशी जाऊन एकेका ठिपक्यांच्या पुंजक्यावर बोट ठेवलं. कुंभारवाडा, शाळेची भिंत. मंडई. गवळीपुरा. ईदगाहचा कोपरा. "बारा वर्षं मी जागा शोधतोय," ते म्हणाले, "आणि लोकांनी ती बसून बसून दाखवून ठेवलीय. अन्नपूर्णा, पेन्सिल दे."

मी दिली. त्यांनी आपल्या भवनाच्या नकाशाची मागची कोरी बाजू पुढे घेतली.

गुरुवारच्या सभेत सरांनी माळावरचा आराखडा मागे घेतला आणि अकरा लहान कचेऱ्यांची रेखाटनं मांडली. मोठी सभा जुन्याच इमारतीत भरेल, सगळ्या कागदांचं काम या अकरांत होईल, कुठल्याही कचेरीत दिलेला अर्ज कुठल्याही कचेरीत पुरा होईल. सभागृहात कुजबुज माजली. नानासाहेब हिंगमिरे मागे रेलले.

"सर, आम्ही तुम्हाला हत्ती मागितला होता. तुम्ही अकरा शेळ्या आणून बांधल्या की!"

"हत्ती मिरवायला चांगला, नानासाहेब. दूध शेळीच देते."

लोक हसले. नानासाहेबही हसले, पण हट्ट सोडेनात. "अहो, पण कोनशिला? एवढ्या मोठ्या कामाची कोनशिला बसवायची कुठं?"

"एक बसणार होती," सर शांतपणे म्हणाले. "आता अकरा बसतील. अकरा भूमिपूजनं, अकरा उद्घाटनं."

नानासाहेबांनी क्षणभर छताकडे पाहिलं, ओठ हलवत काहीतरी मोजलं, आणि टेबलावर थाप मारली. "पटलं बुवा! शेळ्याच पाहिजेत."

ठराव मंजूर झाला. नियम असा आहे, की लहान कामांच्या कोनशिलेवर वास्तुविशारदाचं नाव घालत नाहीत. मी ते सरांना सांगायचं टाळत होते. त्यांना ते माझ्या आधीपासून माहीत होतं.

कुंभारवाड्याची कचेरी पुढच्या वर्षी सुरू झाली. शाळेच्या भिंतीला लागून तीन खोल्या, एकच छोटा मनोरा, आणि हातभर उचललेली आतली जमीन. दाराबाहेर कडुनिंबाखाली सरांनी दगडी बाक घातला होता. पाठीला नेमका किती कल द्यावा यासाठी त्यांनी आठ वेळा लाकडी नमुना करून स्वतः बसून पाहिलं होतं.

सुरू झाली त्याच सकाळी सर आणि मी रस्त्याच्या पलीकडे उभे होतो. एक म्हातारी आली, खरीखुरी, कापडी पिशवी छातीशी धरून. आत गेली. सरांनी घड्याळ पाहिलं. मीही पाहिलं. खिडकीतून तिचं तोंड दिसत होतं, मान ताठ, आतल्या पोराशी काहीतरी हुज्जत घालत होती. अकरा मिनिटांनी ती बाहेर आली. हातात शिक्का मारलेला कागद होता. तो तिनं उन्हात धरून एकदा नीट पाहिला, घडी घालून पिशवीत ठेवला, आणि बाकावरून, झाडावरून, आमच्यावरून नजर न फिरवताच घराकडे चालू लागली.

मी सरांकडे पाहिलं. एवढ्या मेहनतीनं घातलेल्या बाकाला तिनं हातही लावला नव्हता. सरांचे डोळे भरले होते.

"पाहिलंस?" ते म्हणाले. "बसली नाही."